वॉर्डातले जावई आणि राऊतसर

राऊतसरांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. मी सांगलीहून आलो होतो, म्हणून मी ‘सांगली’. “ए सांगली, त्या खिडकीजवळच्या आजोबांचे पाय बघ, सूज उतरली का?” ही हाक वॉर्डभर घुमायची. हळूहळू सिस्टरही मला ‘सांगलीसर’ म्हणायला लागल्या. एका वॉर्डबॉयच्या लग्नाची पत्रिका आली, तर तिच्यावर वळणदार अक्षरात ‘डॉ. सांगली, सहकुटुंब’ असं लिहिलेलं. कुटुंब तेव्हा नव्हतं. ते वेळेत न होण्यात सरांचाही थोडा हात होता, ते पुढे येईलच.

गेल्या पावसाळ्यात वलसाडहून त्यांच्या मुलीचा फोन आला. सर गेले. रडता रडता तिनं विचारलं, “आपण सांगलीकाकाच ना?” मी हो म्हटलं. नाव दुरुस्त करायची ती वेळ नव्हती, आणि आता ते दुरुस्त व्हावं असं वाटतही नाही.

डहाणूतलं आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं, लहानसं. समुद्राकडच्या गावांतून मच्छीमार यायचे, तलासरीच्या डोंगराकडून भात-नागली पिकवणारे यायचे, मधल्या पट्ट्यातून चिकूच्या वाड्यांवरचे मजूर यायचे. मी तिथं रुजू झालो तेव्हा नुकताच डॉक्टर झालो होतो आणि ते ज्ञान अंगावर कडक इस्त्रीसारखं मिरवत होतो. डहाणूच्या दमट हवेत मी पहिल्या दिवशी टाय घालून गेलो. सरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सिस्टरना म्हणाले, “ह्याला आधी पंख्याखाली बसवा. पेशंट नंतर.”

सर स्वतः टायच्या गावालाही न गेलेले. उंच, पोट सुटलेलं, हाफशर्टाचं वरचं बटण उघडं, खिशात दोन पेनं आणि दोन्ही न चालणारी. लिहायची वेळ आली की समोरच्याच्या खिशातलं काढून घ्यायचे; माझी किती पेनं गेली ते देवाला ठाऊक. स्टेथोस्कोप स्कूटरच्या डिकीत मेथीच्या खाखऱ्याच्या पुड्याशेजारी असायचा, त्यामुळे सकाळच्या राउंडला पेशंटच्या छातीवर मेथीचा वास दरवळायचा. स्वतः मधुमेही. पेशंटला साखरेवर असं व्याख्यान द्यायचे की ऐकणाऱ्याचा चहा कडू व्हावा, आणि दुपारी चादरींच्या कपाटामागे उभे राहून पेढा खायचे. सिस्टरनी पकडलं की म्हणायचे, “शुगर कमी वाटत होती.” सिस्टर म्हणायच्या, “कुणाला? तुम्हाला की पेढ्याला?”

तर जावयांचं सांगतो. आमच्या वॉर्डात पुन्हा पुन्हा भरती होणाऱ्या पेशंटना ‘जावई’ म्हणत. बरे होऊन जायचे आणि दोन-तीन आठवड्यांत परत हजर. त्यांची खाट ठरलेली, मावशींशी घरोबा झालेला, चहात साखर किती तेही सगळ्यांना पाठ. एखादा जावई दारात दिसला की आम्ही तरुण डॉक्टर कपाळाला हात लावायचो. “आला परत. पथ्य पाळत नाहीत, गोळ्या घेत नाहीत, आणि मग आमच्या डोक्याला ताप.” हे मीच म्हणायचो, आणि जरा मोठ्यानं.

सरांना मात्र जावई आला की शरमल्यासारखं व्हायचं. राउंड संपल्यावर खिडकीशी उभे राहून पुटपुटायचे, “एकदा आला, आजार. दुसऱ्यांदा आला, चला, तोच आजार. तिसऱ्यांदा आला म्हणजे आजाराबरोबर आणखी कुणीतरी येतंय. ते कोण, ते आपल्याला खाटेवर दिसत नाहीये.” मग वळून पेशंटलाच विचारायचे, “रविवारी तुमच्याकडे जेवायला येऊ का?”

हा त्यांचा इलाज होता. परत येणाऱ्या पेशंटच्या घरी, तो बरा होऊन गेल्यावर, स्वतःला जेवायचं आमंत्रण लावून घ्यायचं. त्यांना खाण्याची हौस दांडगी होती हेही खोटं नाही, आणि त्यात जास्त काय होतं, वैद्यक की भूक, हे मला अजून नीट सांगता यायचं नाही. स्कूटरच्या मागच्या सीटवर मी असायचो. मला का न्यायचे विचाराल, तर एकटा माणूस जेवायला गेला तर हावरट दिसतो, म्हणून.

पहिलंच जेवण झालं वरोरला, जमनाआजींकडे. आजींचं हृदय कमजोर. पायांवर सूज, दम लागायचा, आडवं झालं की गुदमरायच्या. त्यांना घरी सोडताना मिठावरचं व्याख्यान मी दिलं होतं. हृदय कसं पंपासारखं असतं, मीठ शरीरात पाणी कसं धरून ठेवतं, हे मी हातवारे करून समजावलं. आजींनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. पंधरवड्यात त्या पुन्हा आल्या, फुगून, धापा टाकत. मी चिडलो. “आजी, मीठ खाल्लंत ना?” म्हणाल्या, “आईशप्पथ नाय, बाला.” मी त्यांच्यासमोर सिस्टरना म्हटलं, “हे लोक खोटं बोलतात.” सर पलीकडच्या खाटेशी होते. त्यांना ऐकू गेलं. आजींना बरं वाटून त्या घरी गेल्या, त्याच रविवारी आम्ही वरोरला.

घरासमोर काठ्यांवर बोंबील वाळत होते, वाऱ्याला मासळीचा वास होता. आजींनी ताटं मांडली. तांदळाची भाकरी, डाळ, भाजी. पहिल्या घासातच कळलं की कशात मिठाचा कणही नाही. आजी अभिमानानं म्हणाल्या, “बरणीच शेजारणीला देऊन टाकली. घरात मीठ म्हणून ठेवलं नाय.” सुनेनं त्याला दुजोरा दिला, जरा रडवेल्या चेहऱ्यानं. मी खजील झालो. म्हातारी खरं बोलत होती आणि मी तिला खोटी ठरवली होती.

पण जेवण घशाखाली उतरेना. तेवढ्यात आजींनी तव्यावरून तळलेला तुकडा वाढला. खारवलेली सुरमई. काय सांगू! त्या अळणी भाकरीबरोबर तो तुकडा म्हणजे स्वर्ग. मी दुसरा घेतला. तिसराही घेतला. आजींच्या हाताचं कौतुक केलं. चौथ्याला हात घातला तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “सांगली, कसं लागतंय?”

“अप्रतिम, सर.”

“कशामुळे?”

माझा हात हवेत राहिला. सरांनी आजींकडे बघितलं. “आजी, हे रोज खाता?”

“मंग? अळणी भाकर गिळायची कशी? पयले कधीतरी खायची. आता दोन्ही टायमाला लागते.”

“ह्यात मीठ नाही का?”

आजी आम्हाला वेड्यात काढल्यासारख्या हसल्या. “ह्यात कुठं मीठ? हे मासं हाय.”

आणि त्यांचं बरोबरच होतं. मीठ म्हणजे बरणीतलं, आपण हातानं घालतो ते. सुरमईला मीठ लावलं होतं बोटीवरच्या कुणीतरी, कधीतरी, पावसाळ्याची बेगमी म्हणून. ते त्यांच्या घरातलं मीठ नव्हतंच. माझ्या व्याख्यानानं आजींचं मीठ दुप्पट केलं होतं. परत येताना स्कूटरवर मला प्रचंड तहान लागली होती. सर मागे वळून ओरडले, “पाणी धरून ठेवतंय का रे?”

सरांनी आजींना सुरमई बंद करायला सांगितली नाही. बरणी शेजारणीकडून परत आणवली, डाळीत चिमूटभर मीठ घालायला लावलं, लिंबू-कोकम वाढवायला सांगितलं, ताजी मासळी रोज आणि खारवलेली फक्त सणाला असा सौदा केला. म्हणाले, “चव मेली की माणूस चोरी करतो. मी करतो ना पेढ्याची.”

सर नेहमी असे यशस्वी व्हायचे असं मात्र कुणी समजू नये. चिखल्याला एकदा आम्ही एका दमेकऱ्याच्या घरी म्हणून गेलो आणि भलत्याच घरात शिरलो. आडनाव तेच, गल्ली तीच. घरात चुलीचा धूर किती, झोपायची जागा कुठली, माणसं किती, हे सर तपशिलात विचारत होते. “स्वयंपाक कोण करतं? मुलगी? बरं बरं. तब्येत कशी आहे तिची?” घरच्यांनी लगबगीनं पोहे केले, नारळपाणी काढलं, आतून नवी साडी नेसलेली मुलगी ट्रे घेऊन आली आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. मी तेव्हा पुन्हा टाय घातला होता. तिच्या वडिलांनी विचारलं, “मुलगा सरकारी नोकरीत का?” तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सरांनी पोहे संपवूनच खुलासा केला. मला त्याहून लागलं ते वेगळंच. दमेकऱ्याच्या बायकोकडून पुढे कळलं की खुलाशाच्या आधीच, आतल्या खोलीत, मुलीनं नकार दिला होता. हे प्रकरण पंचक्रोशीत इतकं रंगलं की पुढची काही वर्षं मला त्या बाजूनं एकही स्थळ आलं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. सुमनचं तसं नव्हतं.

सुमन तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. विशीतली, किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची. तिला सिकलसेल. म्हणजे रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडाहाडांत अशी कळ उठते की मोठमोठे गडी ओरडतात. सुमन ओरडायची नाही. उशीचा कोपरा दातात धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले असायचे. सलाइन, ऑक्सिजन, वेदनेची इंजेक्शनं, दोन-चार दिवसांत उतार, मग घरी. आणि मग परत. चिकूचा हंगाम आला की महिना कोरडा जायचा नाही.

ती घोलवडच्या एका वाडीत चिकू निवडायच्या आणि पेट्या भरायच्या कामाला होती. आजारी पोरीला काम कोण देतं? हे मिळालं होतं, आणि ते ती जिवापाड धरून होती. पण मुकादमानं सांगून टाकलं होतं, आता पुन्हा दांडी पडली तर जागा दुसरीला. सलाइन लावताना ती दर वेळी एकच विचारायची, “साहेब, परवा सोडाल ना?” सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “तिला कामाची भीती आहे, मला वेगळीच. प्रत्येक झटका आतलं काहीतरी खाऊन जातो. एखाद्या वेळी छातीत जाईल. त्या वेळी ती पाड्यावरून इथं पोचेपर्यंत उशीर झालेला असेल.”

गोळ्या ती नियमित घ्यायची. सरांनी तपासून घेतलं होतं. मग राहिलं पाणी. ह्या आजारात भरपूर पाणी प्यावं लागतं, रक्त पातळ राहायला हवं. “पितेस का गं?” “पिते, साहेब.” मी ह्या वेळी शहाणपण केलं. व्याख्यान दिलं नाही. बाजारातून एक मोठी निळी बाटली आणली आणि तिला दिली. “ही सकाळी भरायची, संध्याकाळपर्यंत संपवायची.” सुमननं ती दोन्ही हातांनी घेतली. मला वाटलं, सुटला प्रश्न. सर म्हणाले, “रंग चांगला आहे.”

ती परत आली तेव्हा कळ इतकी होती की आईनं तिला अक्षरशः उचलून आणलं होतं. आईच्या हातात ती बाटली होती. काठोकाठ भरलेली.

मी बोलायला तोंड उघडलं. वरोरची सुरमई आठवली आणि मिटलं.

सुमनला घरी सोडताना सरांनी तिच्या आईला विचारलं, जेवायला कधी येऊ? आई म्हणाली, “घरी कोण असतं साहेब? ती दिवसभर वाडीवर.” मग सर म्हणाले, “तर वाडीवर जाऊ.”

वाडी धनसुखशेठची. दाट झाडं, खाली गार सावली, पत्र्याच्या शेडमध्ये बायका घोळक्यानं बसून चिकू निवडत होत्या. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, डागी बाजूला. संध्याकाळच्या गाडीला माल जायचा असल्यामुळे हात भराभर चालले होते. सुमन कोपऱ्यात होती. आम्हाला बघून तिनं मान आणखी खाली घातली. सर उपड्या क्रेटवर बसले, सगळ्यांची विचारपूस सुरू झाली. मी पेटीतला एक देखणा, गुळगुळीत चिकू उचलला आणि दातांनी तोडला.

सांगलीत चिकू पिकून येतो. पेटीत भरतात तो कच्चा असतो, हे मला कोण सांगणार? दगडासारखा कडक, आणि त्याचा चीक असा की वरचा ओठ खालच्याला चिकटला. शेडभर हशा पिकला. त्यातली एक दणकट बाई, रमिलाबेन, डोळे पुसत म्हणाली, “अगं, ह्या साहेबाला पाणी द्या, तोंड शिवलं त्याचं!”

मी पाणी प्यायलो. मग आणखी प्यायलो, मग नारळपाणी आलं, तेही प्यायलो. तासाभरात व्हायचं ते झालं. मी मुकादमाच्या कानाशी लागलो. त्यानं हात हलवून सगळी वाडी दाखवली. “जा ना साहेब, कुठंही. झाडं काय कमी आहेत?”

मी गेलो. कुंपणाशी कुत्रा भुंकला म्हणून जागा बदलली, तिथं पंपावरचा गडी होता म्हणून पुन्हा बदलली. परत आलो तेव्हा बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसत होत्या. सर हसत नव्हते. ते रमिलाबेनला विचारत होते, “आणि तुम्ही?”

“आमी काय?”

“हा गेला झाडामागं. तुम्ही कुठं जाता?”

हशा थांबला. रमिलाबेननं हातातला चिकू डागीच्या ढिगावर टाकला. “आमी जात नाय, दाक्तर. सकाळी घरून जाऊन येतो, मंग डायरेक घरी. वाडीत समदी बाप्यामाणसं फिरतात. पाणी पिलं तर जावं लागंल ना? म्हणून पितच नाय कोण. सवय झाली.” मग सुमनकडे बघून, आवाज उतरवून म्हणाली, “ही बी नाय पीत. ह्या साहेबानं बाटली दिली ती रोज भरून आणते बिचारी, बाजूला ठेवून देते.”

सुमनची मान वर झाली नाही. कान मात्र लाल झाले होते.  जो प्रश्न आम्ही रक्त तपासून सोडवू बघत होतो, तो मी नुकताच झाडामागे सोडवून आलो होतो.

सर धनसुखशेठकडे गेले. शेठ माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. बायकांसाठी संडास बांधायचं ऐकून म्हणाला, “बरोबर छे, डॉक्टरसाहेब, एकदम बरोबर. पण आ वर्षी नाय जमणार. पुढच्या सीझनला बघू.”

“पुढच्या सीझनला,” सर म्हणाले. “ठीक आहे. घाई नाही.” त्यांच्या आवाजात इतका गोडवा होता की मी घाबरलो.

दुसऱ्या दिवसापासून ओपीडी संपली की सर घोलवडला, मागच्या सीटवर मी आणि माझी बॅग. शेडमध्ये उपड्या क्रेटवर बसायचे. शेठच्या घरासाठी बाजूला ठेवलेली पिकल्या चिकूंची टोपली जवळ ओढायचे आणि सगळ्यांच्या देखत सोलून खायला लागायचे. पहिल्या दिवशी शेठ कौतुकानं म्हणाला, “खाओ, खाओ.” दुसऱ्या दिवशी सरांनी खाता खाता सांगितलं की आपल्याला बरीच वर्षं डायबेटिस आहे. तिसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर अंधारी आल्यासारखं वाटतंय म्हणाले आणि आणखी एक सोलला. शेठ धावत आला. “अरे साहेब, काय करता? काय होईल ना!”

“होईल काय? इथंच पडेन. तुमच्या वाडीत. लोक विचारतील, राऊत डॉक्टर कशानं गेला? धनसुखशेठच्या चिकूनं.”

“पण कशापायी खाता?”

“वेळ जात नाही हो. पुढच्या सीझनपर्यंत काय करू?”

मला खरंच काळजी वाटत होती. मी रोज त्यांची साखर तपासायला मागे लागायचो. ते बोट पुढे करायचे आणि आकडा जेमतेम वाढलेला असायचा. मला काही उलगडेना. माझ्या बॅगेत मात्र मुंग्या झाल्या होत्या, भयंकर. एके दिवशी बॅग उलटी केली तर तळाशी सोललेल्या चिकूंचा लगदा, आणि त्यात माझं एकुलतं एक उरलेलं पेन. सर तोंडाजवळ नेलेला चिकू हात खाली करून माझ्या बॅगेत सोडत होते. “सगळे नाही टाकले,” ते गंभीरपणे म्हणाले. “रोज एक खायचो. खोटं कशाला बोलू?”

आठवड्याच्या आत वाडीत विटा येऊन पडल्या. बांधकाम झालं, आतून कडी बसली, पाण्याचं पिंप आलं. शेठला वाटलं, डॉक्टरांच्या हस्ते नारळ फोडावा. सर पुढेही झाले. रमिलाबेननं त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला. “तुमचं काय काम इथं? व्हा मागं. उद्घाटन आमीच करणार.” आम्हाला दोघांना रस्त्यावर जाऊन उभं राहायला सांगण्यात आलं. आम्ही उभे राहिलो. आतून बराच वेळ बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

त्यानंतर सुमन एकदाच भरती झाली, पावसात, भातलावणीला गार पाण्यात दिवसभर उभी राहिल्यामुळे. सर तिच्या आईवर ओरडले, मग स्वतःच्या स्कूटरची ताडपत्री तिला पांघरायला देऊन टाकली. पुढचा अख्खा हंगाम ती आली नाही. ती नाही ह्याचा आनंद करावा की काय, हे सुरुवातीला सुचायचंच नाही. खाट रिकामी दिसली की मावशी म्हणायच्या, “आपली सुमन आली नाय गं बरेच दिवस,” आणि मग जीभ चावायच्या.

तेवढ्यात धनसुखशेठनं वाडी भाड्यानं दिली. नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला, जुन्या बायका पांगल्या. कुणी उमरगावकडे गेल्या म्हणे, कुणी बोर्डीला. सुमनचा फोन बंद लागायला लागला. सर आणि मी तिच्या पाड्यावर जाऊन आलो. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, माय-लेकी कामाला गेल्यात, कुठं ते ठाऊक नाही. स्कूटर उतारावरून येत होती आणि सर एकाएकी म्हणाले, “नवीन जागी कडी असेल का रे?”  ती बरी असल्यामुळे येत नव्हती की दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती, की त्याहून वाईट, ते कळायला मार्ग नव्हता. जावई परत आला की सरांना शरम वाटायची. आता एक आला नाही म्हणून त्यांना झोप येईना. राउंडला दारात कुणी किडकिडीत मुलगी दिसली की ते मधेच थबकायचे.

सरांची तब्येत उतरत गेली. गुडघे, मग डोळे, मग सगळंच. बायको आधीच गेलेली. मुलगी वलसाडहून आली आणि म्हणाली, पप्पा, आता बास, चला. तिनं सामान ट्रकनं पुढे पाठवलं, स्वतःही पुढे गेली. सर म्हणाले, मी पॅसेंजरनं येतो, मला खिडकी पाहिजे.

डहाणूला मी त्यांना गाडीत बसवलं आणि घोलवडपर्यंत सोडतो म्हणून बरोबर निघालो. सगळा वेळ ते बाहेर बघत होते. “ती बोर्डीला गेली असेल तर बरं, डहाणू तरी जवळ,” मधेच म्हणाले. कोण, हे विचारायची गरज नव्हती.

घोलवड आलं. मी उतरून त्यांच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. काहीतरी मोठं, शोभेसं बोलावं असं मनात होतं. वाक्यंही जुळवून ठेवली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या पाठीत चिकूची पेटी खुपसली.

“ओ साहेब, बाजूला व्हा ना! गाडी सुटंल!”

सुमन होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगानं भरलेली, मालाच्या डब्याशी उभ्या हमालावर ओरडत होती, “अरे नीट ठेव, वरची आपटू नको, मोठा माल आहे त्यात!” मागून रमिलाबेन आणखी दोघींना हाकत येत होती. सुमन पेटी चढवून वळली, तेव्हा ऊन तिच्या तोंडावर आलं. डोळे स्वच्छ पांढरे होते.

“सुम...” मी हाक मारायला तोंड उघडलं.

खिडकीतून सरांचा हात आला आणि माझा खांदा घट्ट धरला. “गप. कामात आहे ती.”

“सर, पण तुम्ही भेटा तरी...”

“कशाला? डॉक्टर दिसला की माणसाला आपलं दुखणं आठवतं.”

गाडी हलली. सुमन शेवटच्या पेटीमागे धावली, ती आत ढकलली, आणि कमरेवर हात ठेवून धापा न टाकता उभी राहिली. मी गाडीबरोबर चार पावलं चाललो, हात वर केला, खूप वेळ हलवला. सर खिडकीच्या गजांना गाल लावून बसले होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते मागे प्लॅटफॉर्मवर, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.